काळोबाची मान

सडलेला कंद घेऊन आमच्या दारात आलेला माणूस आधी बोलणी खायचा आणि मग चहा प्यायचा. हा क्रम कधी चुकला नाही. दार मी उघडायची, पिशवी वन्सं घ्यायच्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पिशवी प्लास्टिकची असली तर त्या ती उघडायच्याही नाहीत. नुसती नाकापाशी नेऊन विचारायच्या, "किती दिवस कोंडून ठेवलंय याला?"

"पंधरा-वीस दिवस झाले असतील," समोरचा पुटपुटायचा.

"तुम्हाला ठेवू का पंधरा दिवस असं तोंड बांधून?"

मग तोंडाचा पट्टा सुरू. डेलिया, बिगोनिया, ग्लॉक्सिनिया, ती रंगीत पानांची कॅलेडियम, असली लांबच्या देशांतली लाडावलेली झाडं लोक हौसेनं आणतात. फुलं येतात तोवर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवतात. झाड वाळलं की मातीखाली कंद उरतो. तो पुढच्या हंगामापर्यंत कोरडा, निवांत झोपू द्यायचा असतो, आणि तिथेच सगळ्यांचं घोडं पेंड खातं. कुणी तो ओल्या मातीतच ठेवतो, कुणी फ्रीजमध्ये. आमच्या गल्लीतल्या फोटो स्टुडिओवाल्यांनी तर बिगोनियाचे कंद घट्ट झाकणाच्या डब्यात घालून गाडीच्या डिकीत ठेवले आणि महिनाभर विसरले. त्या दिवशी वन्संनी त्यांना जे झापलं ते ऐकायला समोरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली होती. "फोटो काढताना हजारदा सांगता, हलू नका, हलू नका. आणि याला महिनाभर खड्ड्यांतून हिंडवलंत?" फोटोवाले मान खाली घालून उभे. पण पुढच्या वर्षी पुन्हा आले, पुन्हा झापून घेतलं, आणि हळूहळू वन्संच्या हाताखाली इतके शिकले की स्वतःही दोन-चार जणांचे कंद वाचवू लागले.

वन्संनी हे कसब कुठल्या बागेत नाही, दातांच्या दवाखान्यात मिळवलं. एकोणिसाव्या वर्षी त्या एका दंतवैद्याकडे मदतनीस म्हणून लागल्या आणि चौतीस वर्षं तिथेच राहिल्या. लग्न केलं नाही. का नाही, ते विचारायची माझी छाती झाली नाही. डॉक्टरांनी हात पुढे केला की हवं ते हत्यार त्या हातात पडलेलं असायचं. तोंडानं मागावं लागलं तर वन्संना तो स्वतःचा अपमान वाटायचा. एकदा कुणा पेशंटनं डॉक्टरांना डेलियाचे कंद भेट दिले. डॉक्टरांनी ते कपाटात टाकले. दोन महिन्यांनी दवाखान्यात वास सुटला तेव्हा म्हणाले, फेकून द्या. वन्संनी दुपारच्या सुट्टीत झिजलेली हत्यारं बाहेर काढली आणि किडलेली दाढ साफ करतात तसे ते कंद साफ केले. सडलेला भाग चमच्यानं काढायचा, मग वाकड्या काट्यानं टोकरून बघायचं. "निरोगी कंद काट्याखाली करकर वाजतो," त्या सांगायच्या, "सडलेला गप्प असतो." दवाखाना बंद झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? वन्संनी झिजलेल्या हत्यारांचा पोलादी ट्रे मागून घेतला.

स्वभावानं भयंकर अस्वस्थ बाई. एका जागी बसलेल्या मी त्यांना क्वचितच पाहिलं. पेपर उभ्यानं वाचणार, चहा येरझाऱ्या घालत पिणार, आणि बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचा निघालेला धागा ओढून तोडणार. जिन्याला लागून असलेली त्यांची खोली म्हणजे पेट्याच पेट्या. कोरडी वाळू, लाकडाचा भुसा, त्यात लोकांचे कंद, आणि प्रत्येक पेटीवर चिठ्ठी: शिंपीणबाई, टपालवाले, दुसऱ्या मजल्यावरच्या आजी. कुणाची नावं नाहीत. "नावं विसरते मी, धंदे लक्षात राहतात," म्हणायच्या.

एका पेटीवर मात्र चिठ्ठी नव्हती. त्यात काळोबा असायचा.

काळोबा वन्संचा स्वतःचा. माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी डेलियाच्या बियांचं एक मिश्र पाकीट पेरलं. डेलियाचं बी लबाड असतं, ते आईबापांवर जात नाही. प्रत्येक बियाचं फूल वेगळं, जगात दुसरीकडे कुठेच नसलेलं. बहुतेक फुलं टाकाऊच निघाली. पण एक आलं ते जवळजवळ काळं, जांभळ्याच्या पलीकडचं, आणि पाकळ्यांच्या फक्त पाठीला पांढरी रेघ. वाऱ्यानं हललं तरच ती रेघ दिसायची. हे फूल टिकवायचं तर त्याच झाडाचा कंद दरवर्षी जपायचा, दुसरा मार्ग नाही. बावीस वर्षं वन्संनी तो जपला. दोनदा तुकडे करून लोकांना दिले होते. दोघांनीही सडवले. तेव्हापासून त्यांनी काळोबाचा तुकडा कुणाला दिला नाही. घराबाहेर तो कुठेच नव्हता. आमच्या जिन्यालगतच्या खोलीतली ती एक पेटी, बस.

आता माझं सांगते.

वन्सं सगळ्यांना बोलायच्या. आमच्या ह्यांना, म्हणजे स्वतःच्या पन्नाशी उलटलेल्या भावाला, "बाळ्या, गाढवा" म्हणायच्या. माझ्या मुलीला शिंगं फुटली म्हणून झोडपायच्या. डॉक्टरांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. फक्त मला कधी बोलल्या नाहीत. मला "वहिनी, तुम्ही राहू द्या." "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता." माझ्या हातून भाजी करपली तर "चांगली लागतेय." लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात माझ्या हातून त्यांच्या आईची चिनी मातीची बरणी फुटली. त्या तुकडे गोळा करत म्हणाल्या, "जाऊ द्या, जुनीच होती." बायका म्हणायच्या, नशीब काढलंस, अशी नणंद मिळत नाही. आणि मला मात्र वाटायचं, पाहुण्याला कोण बोलतं? तेवीस वर्षं मी या घरात पाहुणी होते, आणि ते मला खुपायचं. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी कंद काढून पेट्यांत ठेवल्यावर महिनाभरात वन्सं बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं आणि उजवं मनगटही. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढचे दोन महिने हाडांच्या दवाखान्याला जोडलेल्या आरामघरात राहायचं ठरलं. स्ट्रेचरवरून नेताना त्या मला म्हणाल्या, "वहिनी, पेट्या आहेत तशा राहू द्या. तुम्ही काही करू नका."

काही करू नका! हेच तर मला झोंबलं. माझ्या मनानं घेतलं, आता दाखवतेच. त्या येईपर्यंत त्यांच्या खोलीला रंग काढायचा. भिंतींचे पोपडे निघाले होते, त्यांनाही कधीपासून रंग हवा होता. रंगारी आला. म्हणाला, पेट्या झाका, शिंतोडे उडतील. मी सगळ्या पेट्यांवर प्लास्टिक अंथरलं आणि कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. आणि काळोबा? तो असा इतरांबरोबर कसा ठेवायचा? मी त्याला वाळूतून अलगद काढलं, एका पिशवीत घातलं, गाठ मारली. ती पिशवी दुसरीत, दुसरी तिसरीत. तिन्हींना गाठी. आणि माझ्या कपाटात, माझ्या चांगल्या कपड्यांच्या घड्यांमध्ये, मऊ जागी ठेवला. रंगाचा वास जाईपर्यंत राहू दे म्हटलं.

अठरा दिवसांनी कपाट उघडलं आणि वास आला.

पेट्यांमधल्या कंदांना फक्त थोडी ओल सुटली होती, वाऱ्यावर ठेवताच सुकले. ज्याची सगळ्यांत जास्त काळजी घेतली त्याचाच मी जीव घेतला होता. पिशवी आतून घामेजलेली, आणि वाळक्या खोडाच्या बुडख्याभोवती, जिथे सगळे कंद एकत्र येतात तिथे, तपकिरी चिखल झालेला. बोट लावलं तर आत गेलं. जगात एकच आहे, एकच आहे, हेच डोक्यात. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बाजारातून दुसरा आणू."

दुसऱ्या दिवशी फळं घेऊन आरामघरात गेले. वन्सं पलंगाला खिळलेल्या, पण डावा हात चाललेलाच: चादरीवरचे गोळे उपटून त्यांनी उशाशी ढीग केला होता. इकडचं तिकडचं बोलून मी हळूच विचारलं, "वन्सं, कंद सडायला लागला तर नेमकं काय करतात हो? शेजारच्या बाईंनी विचारलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सडलेला भाग काढायचा. करकर वाजेपर्यंत. मग उघड्यावर सुकवायचा, कापलेल्या जागी कोळशाची पूड लावायची. आणि मग हात लावायचा नाही." आणि पुढे म्हणाल्या, "शेजारच्या बाईंना सांगा, घाई करू नका."

मी घरी आले ती पळतच. चपला काढायचं भान नव्हतं. पोलादी ट्रे उघडला. हातात काटा, चमचा, समोर आठवणीतल्या वन्सं. दुपारभर टोकरलं. जिथे गप्प तिथे कापलं, जिथे करकर तिथे थांबले. तो मधला चिखलाचा गोळा, खोडाचा बुडखा आणि त्याला चिकटलेली कंदांची बारीक टोकं, थोडी घट्ट होती तीसुद्धा, सगळं कापून काढलं आणि गच्चीवरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकलं, जिथे भाजीच्या सालींचं खत होतं. हातात उरले तीन कंद. गुबगुबीत, घट्ट, एकही डाग नाही. कोळसा लावून जाळीवर मांडले आणि चार दिवस त्यांच्याभोवती घिरट्या घालत राहिले. रात्री डोळा लागेना, दिवसा हात थांबेना. वन्संचा स्वभाव मला लागला असं हे म्हणाले. पण कंद सुकले, सुरकुतले नाहीत. मला स्वतःचा अभिमान वाटला. इतका, की आरामघरात जाताना मी गुणगुणत होते.

वन्सं घरी आल्या त्या वॉकरच्या चौकटीला धरून. मनगटाचं प्लास्टर निघालं होतं, पण उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. नवा रंग पाहून म्हणाल्या, "छान उजेड झालाय." मग सरळ त्या बिनचिठ्ठीच्या पेटीकडे. मी दारात उभी. त्यांनी डाव्या हातानं एक कंद उचलला. वरचं टोक पाहिलं, खालचं पाहिलं, पुन्हा वरचं. दुसरा उचलला. तिसरा. खोलीत रंगाचा वास होता आणि बाहेर कुणीतरी जिना झाडत होतं. मला वाटलं, आता. आता पट्टा सुटणार.

"थोडे ओले झाले होते," मी म्हणाले. "म्हणजे माझ्यामुळेच झाले. तीन पिशव्यांत गाठी मारून कपाटात ठेवले होते, कपड्यांच्या घडीत. मी सुकवलेत."

"होतं असं," वन्सं म्हणाल्या. "चांगले सुकवलेत. स्वच्छ हात आहे तुमचा."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पुरता नाही.

हंगाम आल्यावर सगळे कंद कुंड्यांत गेले. काळोबाचे तिन्ही कंद बाहेरच्या खोलीतल्या खिडकीखालच्या मोठ्या कुंडीत. वन्संनी सांगितलं तशी मी माती भरली. रोज संध्याकाळी त्या डाव्या हातानं मग धरून कुंडीला थोडं पाणी घालायच्या. दोन आठवड्यांनी शिंपीणबाईंच्या डेलियानं डोकं वर काढलं. तिसऱ्या आठवड्यात टपालवाल्यांच्या. मग आजींच्या, मग सगळ्यांच्या. काळोबाची माती सपाट. मी सकाळी उठल्या उठल्या पहिली कुंडीशी. बोटानं माती उकरायची, कंदाची पाठ दिसली की पुन्हा झाकायची. पाच आठवडे, सहा, सात. "येईल ना हो?" मी विचारायची. "बघू या," वन्सं म्हणायच्या आणि दुसरीकडे वळायच्या. ज्या बाईला चहा निवेपर्यंत धीर नाही ती बाई दोन महिने "बघू या" म्हणते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आठव्या आठवड्यात फोटोवाले आले. वन्सं आत व्यायाम करत होत्या, पायांचा व्यायाम करून घ्यायला एक बाई यायची. फोटोवाल्यांनी मला माती उकरताना पाहिलं.

"सरका, बघू," म्हणत त्यांनी बोटं घातली आणि एक कंद अलगद बाहेर काढला. टणक, गुबगुबीत, खाली पांढरी मुळंसुद्धा फुटलेली. माझा जीव भांड्यात पडला. मुळं! म्हणजे जगला होता. पण फोटोवाल्यांचा चेहरा उतरला होता.

"याची मान कुठाय?"

"कसली मान?"

"अहो, डेलियाचा डोळा मानेत असतो, खोडाला चिकटलेल्या भागात. कोंब तिथूनच येतो. हे नुसतं पोट आहे. हे जगेल, मुळं सोडेल, वर्षभर मातीत राहील, पण यातून कोंब येणार नाही. कुणी कापली मान?"

मी कंद त्यांच्या हातातून परत घेतला.

"ताईंनी पाहिलं नाही का लावताना?" ते म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. आवाज खाली आला. "त्यांना तर बघताक्षणी कळलं असणार. मला त्यांनीच शिकवलंय हे. काय झापलं होतं तेव्हा!"

मी गच्चीवर धावले. कचऱ्याचं पिंप आडवं केलं आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ते खत चिवडलं. सालं, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा. तीन महिने झाले होते. बहुतेक सगळ्याची माती झाली होती. करंगळीएवढा एक तपकिरी तुकडा सापडला, तो चोळला तर वाळकं देठ निघालं. तशीच बसून राहिले, हात कोपरापर्यंत काळे.

खाली आले तेव्हा व्यायामाची बाई आणि फोटोवाले दोघंही गेले होते. वन्संनी माझे हात पाहिले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही फळं घेऊन आलात, त्यानंतरच्या खेपेला तुमच्या नखांत कोळसा होता. शेजारच्या बाईंचा कंद तुम्ही कशाला साफ कराल? आणि इथे आल्यावर पाहिलं." त्या चौकटीचा दांडा घासत होत्या, एकाच जागी. "मान राखून कापायचं असतं हे मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, एवढं दिसतंच."

"मग मला बोलला का नाहीत? सगळ्या जगाला बोलता! दोन महिने मी वेड्यासारखी माती उकरतेय, तुम्ही पाणी घालताय, आणि एक शब्द नाही?"

"तुम्ही चांगल्यासाठीच केलंत, वहिनी. तुम्हाला काय बोलायचं."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. काळोबासाठी रडले, नाही असं नाही. बावीस वर्षांचं फूल माझ्या हातानं पृथ्वीवरून गेलं होतं. पण जास्त रडले ते त्या "तुम्हाला काय बोलायचं"साठी. एवढं करूनही मी पाहुणीच. याहून मोठा गुन्हा मी कुठून आणणार होते?

कुंडी मला फेकून द्यावीशी वाटली. वन्सं म्हणाल्या, "राहू द्या. जिवंत आहे ते." ते बरोबरच होतं, आणि तेच सहन होत नव्हतं. घरातल्या कुंड्यांमध्ये फुलं धरायला लागली, लोक आपापली घेऊन गेले. खिडकीखाली ती एक सपाट मातीची कुंडी. मला तिच्याकडे बघवेना आणि तिच्यापासून दूरही राहवेना. वन्संच्या पायांना बळ येत होतं, त्या खोलीभर फिरायला लागल्या होत्या. मला वाटलं, आता त्यांना या निपुत्रिक कुंडीची आठवण तरी कशाला. संध्याकाळी पाणी घालताना त्या मला दिसेनाशा झाल्या. सोडून दिलं असेल त्यांनी, म्हटलं, तर निदान मी घालते. म्हणून मी सकाळी, त्या उठायच्या आत, मगभर पाणी घालायला लागले. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

महिनाभर असं चाललं. मग एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी कपडे वाळत घालत होते आणि बाहेरच्या खोलीतून वन्संची आरोळी आली.

"कोण घालतंय यात पाणी?"

मी चिमटे हातात घेऊनच धावले. वन्सं चौकट सोडून, भिंतीला टेकून उभ्या. कुंडी कलंडलेली, हातात एक कंद, आणि त्याच्या टोकातून तपकिरी पाणी ठिबकत होतं. तो वास मला ओळखीचा होता.

"मी," मी म्हणाले. "सकाळी. एक मग."

"आणि मी घालतेय रात्री जेवल्यावर! अगं, माती बघायची नाही? दिवसातून चारदा उकरायला बोटं शिवशिवतात तुझी, आणि ओल कळत नाही त्यांना? अक्कल काय गहाण टाकलीस?"

"मला वाटलं तुम्ही सोडून दिलंत..."

"तुला वाटलं! तुला काय काय वाटतं! तुला वाटलं म्हणून तीन पिशव्या! तीन! आणि वर गाठी! कपड्यांच्या घडीत! अगं, एवढा जीव होता त्याच्यावर तर श्वास घेऊ द्यायचास ना त्याला! म्हटलं होतं की नाही, काही करू नका? एक गोष्ट सांगितली तुला तेवीस वर्षांत, एकच! आणि मान कापलीस! बावीस वर्षं सांभाळला मी त्याला, तळहातावर, आणि तू एका दुपारी त्याची मान कापून मला पोटं दाखवतेस? स्वच्छ हात म्हटलं मी! कसला स्वच्छ? दाढ दुखते म्हणून डोकं उडवलंस!"

त्यांचा आवाज फुटला. मी कधी ऐकला नव्हता तो असा. पण त्या थांबल्या नाहीत.

"आणि आईची बरणी!"

"कुठली... अहो, तुम्हीच म्हणाला होतात, जुनीच होती!"

"मग काय म्हणणार होते? नवी होतीस, रडून घर डोक्यावर घेतलं असतंस! जुनी होती म्हणूनच तर होती ती! तिच्या हातचा वास होता तिला अजून! दोन हातांनी धरायची वस्तू एका हातानं उचलते ही बाई, आणि अजून तेच! अजून तेच करतेस! बघ ते चिमटे, एका हातात सतरा!"

आमचे हे पेपर घेऊन दारात आले. "काय झालं?"

"तू गप्प बस, बाळ्या," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

समोरच्या मजल्यावर कुणीतरी गॅलरीत आलं. येऊ दे. मी उभी राहून ऐकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला हसू फुटत होतं, ते दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. तेवीस वर्षांचं सगळं निघालं: करपलेली भाजी, मी आणलेल्या, त्यांना न बसलेल्या चपला, माझ्या मुलीला मी डोक्यावर चढवून ठेवणं. एकही गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या. सगळं जपून ठेवलं होतं.

मग त्यांना धाप लागली. त्या चक्क खुर्चीवर बसल्या.

"आता बघत काय उभी राहिलीस? ट्रे आण."

मी ट्रे आणला. दोन कंद पार गेले होते, एकाचं अर्धं पोट बाकी होतं. मांडीवर पेपर पसरून मी तो हातात घेतला.

"पण वन्सं, यातून काही येणार नाही ना?"

"नाही येणार. म्हणून काय सडू द्यायचा?"

त्यांची उजवी मूठ अजून वळत नव्हती, म्हणून कापायचं मला होतं. मी चमच्यासाठी हात पुढे केला तर चमचा हातात आलेला होता. सडलेलं निघालं, काटा हवा होता. मागायच्या आत काटाही आला. मी टोकरलं. गप्प. आणखी थोडं कापलं, टोकरलं. करकर.

"हात हलवू नकोस," वन्सं खेकसल्या.

मी नाही हलवला.